नावं झाकलेले पेपर

माझी थोरली नणंद शंका काढायलाच जन्माला आली असावी. दुधाची पिशवी आणली की आधी तारीख बघणार, मग वास घेणार, मग मलाही घ्यायला लावणार. शिक्षण खात्याने वन्संना कामही स्वभावाला साजेसं दिलं आहे: हुशार मुलांसाठी भरणाऱ्या विज्ञानाच्या जादा वर्गातून खरंच काही साधतं का, ते तपासायचं.

माझी लेक तिसरीत. त्या वर्गाच्या निवडीत ती दोन गुणांनी राहिली. देवाची इच्छा म्हणून मी हात जोडले; मन मात्र काही दिवस धुमसत होतं.

गेल्या आठवड्यात वन्सं आल्या त्या पर्स खांद्यावर तशीच ठेवून म्हणाल्या, "पाणी मुरतंय! वर्गातल्या मुलांचे गुण सहा महिन्यांत वाढले म्हणून शिक्षक नाचतायत. मी तोच पेपर न निवडलेल्या मुलांनाही दिला होता. त्यांचेही तेवढेच वाढले. अगं, मुलं नुसती सहा महिन्यांनी मोठी झाली!"

"म्हणजे वर्ग बंद?"

"माझा अहवाल गेला की बंद."

खोटं का लिहू, मला बरं वाटलं.

कोपऱ्यात गृहपाठ करणाऱ्या लेकीने मान वर केली. "आत्या, पेपर तपासले कोणी?"

"मीच."

"नावं झाकली होतीस?"

वन्संनी आता कुठे पर्स खांद्यावरून काढली. त्या गठ्ठ्यात लेकीचाही पेपर होता.

"मी तपासू का परत?" मी विचारलं.

"तू आई, तुझा नवरा बाप, मी आत्या. या घरात भरवशाचा एक माणूस नाही!"

त्यांनी नावांवर कागद चिकटवले आणि गठ्ठा कचेरीतल्या एका अनोळखी बाईंना दिला. आठ दिवस मी देवापुढे बसले, पण नेमकं काय मागावं तेच कळेना. शेवटी काहीच मागितलं नाही.

आज निकाल कळला. 'हे तुम्ही कसं शोधून काढाल?' अशा प्रश्नांत वर्गातली मुलं चांगलीच पुढे निघाली. बाहेरच्या मुलांना वन्संनी तिथे सढळ हाताने गुण दिले होते. वर्ग चालू राहणार.

"तुला तर पाच गुण जास्तीचे दिले होते गं," वन्सं ओशाळून म्हणाल्या.

लेक रडली नाही. "म्हणजे तिथे खरंच शिकवतात. मग मी पुढच्या वर्षी परत परीक्षा देते."

वन्संनी सुस्कारा टाकला. "दे. मग हा वर्ग मी तपासायचा नाही, दुसऱ्या कोणाला तरी सोपवते." चपला घालताना म्हणाल्या, "तो माणूस नीट तपासतो की नाही, तेवढं मात्र बघेन."