काचेतली कोंबडी

छापखानेवाले काका निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. कारण साधं होतं. काकू शहरात बस चालवायच्या आणि त्यांच्या निवृत्तीला अजून चार वर्षं बाकी होती. पहाटे पाचला त्या घराबाहेर पडत, दुपारी तीनला परत येत, आणि तेव्हा त्यांच्या पोटात नुसते कावळे ओरडत असत. घरात बसून राहिलेल्या माणसाने दमून आलेल्या बाईच्या हातच्या जेवणाची वाट बघायची, हे काकांना दोन दिवससुद्धा सोसलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी बटाटे उकडले. ते जमले. मग गडी थांबेना.

चौतीस वर्षं काका एकाच छापखान्यात रंगीत छपाईच्या मशीनवर होते. एका खोलीत मावणार नाही एवढं ते यंत्र सुरू झालं की खिडक्यांच्या काचा थरथरत आणि शेजारी उभ्या माणसाशी बोलायचं तरी हातवारे करावे लागत. त्या आवाजात काकांचे कान हळूहळू गेले. डोळे मात्र असे तयार झाले की मशीनमधून निघालेला कागद दिव्याखाली धरला की ते सांगत, पिवळा जरा चढलाय, निळा मागे घ्या. एकदा एका बिस्किटवाल्याने खोक्यावरचं चित्र नापास केलं; म्हणाला, बिस्किट कच्चं दिसतंय. काकांनी अर्धा दिवस चार शाया खाली-वर करून भाजल्याचा रंग आणला. तो कागद बघून बिस्किटवाला म्हणाला, "आता भूक लागली." काकांना मिळालेलं हे सगळ्यात मोठं बक्षीस.

कानांबद्दल बोलायचं मात्र नाही. लोक हल्ली तोंडातल्या तोंडात पुटपुटतात, असं काकांचं ठाम मत होतं. काकूंनी दोनदा कानाच्या डॉक्टरचा विषय काढला होता. पहिल्यांदा काका "बघू" म्हणाले. दुसऱ्यांदा त्यांना तो विषयच ऐकू आला नाही.

तर अशा या घरातला जुना ओव्हन एके दिवशी बंद पडला. दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण काढलं, आत डोकावून बघितलं आणि तसंच परत लावलं. त्यावरूनच समजायचं ते समजलं. संध्याकाळी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ती दुसऱ्या शहरात नर्स होती.

"बाबा, तुमच्या वाढदिवसाला नवीन मी पाठवते. एअर फ्रायर. डोळे मिटून घ्या, उत्तम वस्तू आहे."

मुलगी बोलताना तोंड चांगलं उघडायची, त्यामुळे तिचं काकांना सगळं समजे. "डोळे मिटून कशाला घ्यायचं?" काका म्हणाले. "आधी बघू तरी दे."

दुसऱ्या दिवशी काकूंची ड्युटी संपल्यावर दोघं दुकानात गेले. काकांनी खिशात छापखान्यातली पोलादी पट्टी घेतली होती. सिंक आणि भिंत यांच्यामध्ये ओट्याची जागा किती, ते मिलिमीटरपर्यंत त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून आणलं होतं. दुकानातल्या मुलीने एअर फ्रायर दाखवला. काळा, गुळगुळीत, पुढे खण असलेला. तेल नावाला, वेळ निम्मा, धुवायला सोपा. काकांनी पट्टी लावली. बसत होता. मग त्यांची नजर मागच्या फळीवर गेली. तिथे काचेचं एक मोठं गोल भांडं होतं आणि त्यावर जाड झाकण, मूठ असलेलं.

"तो हॅलोजन ओव्हन," दुकानातली मुलगी म्हणाली. "झाकणात दिवा असतो, पंखा असतो. पण काका, हल्ली हे कोणी फारसं घेत नाही. काच जड, झाकण तापतं, उचलून ठेवायला वेगळी जागा लागते."

"लावून दाखव ना," काका म्हणाले.

तिने बटण फिरवलं. भांडं एकदम केशरी उजेडाने भरून गेलं. काका खाली वाकले आणि त्या रिकाम्या भांड्यात इतका वेळ बघत राहिले की काकूंनी शेवटी त्यांच्या कोपराला धरून बाहेर आणलं.

पुढचे चार दिवस घरात दुसरा विषय नव्हता. काकू एअर फ्रायरच्या बाजूच्या. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरबाईंकडे तो होता आणि त्या त्याचं कौतुक करताना थकत नसत. उलट काकूंच्या डेपोतला मेकॅनिक गेली सहा वर्षं हॅलोजनवर जेवत होता आणि त्याच्याविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नव्हता. काका एअर फ्रायरला नावं ठेवत नसत, फक्त म्हणत, "खण बंद केला की आतलं काही दिसत नाही."

"बघायचंय काय त्यात?" काकू मोठ्याने, त्यांच्या समोर येऊन म्हणाल्या. "यंत्र आपलं काम करतं, झालं की सांगतं."

शेवटी काकूंनीच तोडगा काढला. नुसत्या तोंडच्या वाफा दवडण्यापेक्षा रविवारी दोन्ही यंत्रं मागून आणायची, त्याच ओट्यावर, तेच बटाटे. ज्याचे चांगले होतील ते घ्यायचं.

रविवारी सकाळी डॉक्टरबाई एअर फ्रायर कडेवर घेऊन जिना उतरल्या. मेकॅनिक हॅलोजनचं भांडं ब्लँकेटमध्ये गुंडाळून, बसमध्ये मांडीवर घेऊन आला. वाटेत दोन बायकांनी वाकून बाळ किती महिन्यांचं म्हणून विचारल्याचं त्याने आल्या आल्या सांगितलं. काकूंनी दोघांना जेवायलाच थांबवून घेतलं. काकांनी बटाट्यांच्या फोडी एकसारख्या कापल्या, वजन काट्यावर सारखं केलं, तेल चमच्याने मोजलं. अर्धे खणात, अर्धे भांड्यात. दोन्ही बटणं एकदम फिरली.

काकांनी स्टूल ओढलं आणि हॅलोजनसमोर बसले. बाकीचे तिघं मागे टेबलाशी चहा घेत होते.

भांड्यात बटाटे सुरुवातीला नुसते ओले चमकत होते. मग कडा कोरड्या पडल्या. मग एका फोडीच्या टोकाला पहिला रंग आला, अगदी फिकट, आणि तिथून तो पुढे सरकायला लागला. काका पुढे झुकले. कुठे चढतोय, कुठे मागे आहे, कुठली फोड सावलीत राहिली, सगळं दिसत होतं. मधेच त्यांनी झाकण उचललं, दिवा विझला, चिमट्याने दोन फोडी फिरवल्या, झाकण परत ठेवलं. चौतीस वर्षं ज्या तऱ्हेने ते कागद बघत होते त्याच तऱ्हेने ते आता बटाटे बघत होते. चेहरा असा उजळला होता की तो भांड्यातला उजेड की आतला, सांगता येत नव्हतं.

तेवढ्यात शेजारचा एअर फ्रायर वाजला. बीप, बीप, बीप, बीप, बीप.

मेकॅनिक उठायला लागला. काकूंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

यंत्र काकांच्या उजव्या कानापासून हातभर अंतरावर होतं. थोडं थांबून ते पुन्हा वाजलं. काका हलले नाहीत. डॉक्टरबाईंनी कप खाली ठेवला. तिसऱ्यांदा वाजलं. काका चिमट्याने भांड्यातल्या एका फोडीकडे बोट केल्यासारखं करून स्वतःशीच मान हलवत होते.

काकूंना माहीत होतं की कान मंद आहेत. इतके मंद आहेत हे त्यांना माहीत नव्हतं. घरात त्या समोर येऊन बोलायच्या, तेही आपोआप, कधीपासून ते त्यांनाही आठवत नव्हतं. त्या उठल्या आणि त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

"खणातले झाले," त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"वाजलं ते."

काकांनी एअर फ्रायरकडे बघितलं, मग टेबलाकडे, मग काकूंकडे. तिघांच्या चेहऱ्यावर एकच गोष्ट लिहिलेली होती आणि काकांना चेहरे वाचायची सवय होती.

"किती वेळा?"

"तीनदा," काकू म्हणाल्या. "पाच-पाच."

काकांनी चिमटा ओट्यावर ठेवला. आता ते "आवाजच बारीक आहे त्याचा" म्हणतील, असं काकूंना वाटलं. काका म्हणाले, "मला एकदाही ऐकू आलं नाही. मला ऐकू येत नाही गं. बरीच वर्षं झाली."

काकूंनी खांद्यावरचा हात तसाच ठेवला. मग डॉक्टरबाई उठल्या, त्यांनी खण ओढला, एक फोड तोंडात टाकली आणि मन लावून चावली. "कुरकुरीत झालेत मात्र," त्या काकांच्या समोर येऊन म्हणाल्या. "आणि हे सांगून ठेवते, वेळ झाली की ते आपलं आपण बंद होतं. ऐकू आलं नाही म्हणून जळलं असं होत नाही. तेव्हा त्यावर काट मारायची असेल तर दुसरं कारण शोधा."

आधी मेकॅनिक हसला, मग सगळेच, आणि काका सगळ्यात शेवटी पण सगळ्यात जास्त.

निकाल असा लागला: बटाट्यात एअर फ्रायर जिंकला. काकांनी दोन्ही चाखून स्वतःच तो जाहीर केला, कारण खोटा निकाल देणं त्यांच्या रक्तात नव्हतं. हॅलोजनचे बटाटे रंगाला देखणे होते, पण कुरकुरीतपणात फ्रायरचे सरस.

"मग ठरलं," काकू म्हणाल्या.

"कोंबडी राहिली ना," काका म्हणाले.

मेकॅनिकने अख्खी कोंबडी आणली होती. ती डॉक्टरबाईंच्या खणात कुठल्याही बाजूने जाईना. पाय आत गेले तर मान बाहेर. काचेच्या भांड्यात ती राणीसारखी बसली. काकांनी वेळ लावली, दिवा लागला, आणि मग मजा अशी झाली की चहा संपलेले ते तिघंही आपापल्या खुर्च्या घेऊन ओट्यासमोर आले. एका ओळीत चार माणसं कोंबडी बघत बसली. कातडी ताणली गेली, तिला बारीक बुडबुडे आले, चरबीचा पहिला थेंब खाली पडला. काका समालोचन करत होते. "आता बघा, छातीवर येईल. आता मांडीवर. घाई नको, अजून लाल यायचाय." डॉक्टरबाईंना दुपारी एका नातेवाइकाकडे जायचं होतं, त्यांनी फोन करून उशीर होईल म्हणून कळवलं. कारण विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "जरा महत्त्वाचं बघतेय."

काकूंचं कोंबडीकडे निम्मंच लक्ष होतं. निवृत्त झाल्यापासून काका जेवण छान करत होते, पण कामावरून घरी येताना त्यांच्या चालण्यात जो तोरा असायचा तो गेला होता. तो तोरा आज परत येऊन स्टुलावर बसला होता.

"दिवसभर मी काचेतून रस्ता बघत गाडी चालवते," काकू म्हणाल्या. "तुम्हाला मात्र झाकून ठेवलेलं शिजवायला सांगत होते. घ्या तुमचं हॅलोजन. झाकणाचा स्टँड भिंतीला ठोकू."

"धुवायला जड आहे," काका म्हणाले. आता त्यांनाच दुसरी बाजू आठवायला लागली होती.

"मग धुवा की. तुम्हीच बघत बसणार आहात ना?"

जेवणं झाल्यावर मुलीला व्हिडिओ कॉल लावला. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "मग? काय पाठवू?"

"हॅलोजन," काका म्हणाले. "आणि तुमच्या हॉस्पिटलात कानाचे डॉक्टर असतील ना? त्यांची वेळ घे माझ्यासाठी. मी येतो."

पडद्यावर नुसतं छत दिसायला लागलं. मुलीने फोन खाली ठेवला होता. परत चेहरा आला तेव्हा डोळे लाल होते आणि ती हसत होती. "उद्याची घेते," ती म्हणाली. "तुमचं मन बदलायच्या आत."

ओव्हन वाढदिवसाच्या आधीच आला. कानातलं यंत्र यायला दीड महिना लागला. पहिला आठवडा काकांना त्याचा राग आला. नळ, पिशव्या, स्वतःच्या चपला, सगळं जग त्यांच्यावर ओरडत होतं. मग हळूहळू त्यातली गंमत कळायला लागली. हॅलोजनचा दिवा विझताना टक् असा आवाज होतो, हे त्यांनी घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. भाजताना कोंबडी चरचर बोलते, असंही सांगितलं. तरी वेळ झाली की नाही ते बघायचे काचेतूनच; कानावर त्यांचा अजून तेवढा भरवसा बसला नव्हता.

एका दुपारी त्यांनी भांड्यात सफरचंदं ठेवली होती. कामावरून आलेल्या काकू बाल्कनीत कपडे वाळत घालत होत्या. काकांच्या कानावर काहीतरी आलं. आधी त्यांना वाटलं पंखा बिघडला. त्यांनी झाकणाजवळ कान नेला. तिथून येत नव्हतं. ते बाल्कनीच्या दारापाशी गेले.

"तू गातेस?"

काकूंच्या हातात ओला टॉवेल होता. त्या थांबल्या. "कधीचीच. बसमध्येसुद्धा गुणगुणते."

"आणि सूर असाच लागतो?"

"असाच," काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं सुखात होतात. आता यंत्र घेतलंय, तर सोसा."

त्यांनी टॉवेल दोरीवर टाकला आणि अर्धवट राहिलेलं गाणं पुढे चालू केलं, आधीपेक्षा जरा मोठ्याने. काका दाराच्या चौकटीला टेकून ऐकत उभे राहिले, आणि त्या दिवशी सफरचंदं थोडी जास्तच भाजली गेली.