पोतेभर पालक

मुलांनो, लातूरच्या आमच्या चर्चने गरजू कुटुंबांसाठी परवडणारी घरे बांधली. पहिले घर भाजी विकणाऱ्या एका मावशींना मिळणार होते. मी त्यांना फोनवर सांगितले, "पाळक आल्याशिवाय चावी मिळणार नाही."

पाळक म्हणजे आमचे धर्मगुरू. मावशी बौद्ध, त्यांना हा शब्द नवा. सकाळी पाहते तर त्या पोतेभर पालक घेऊन नव्या दारात उभ्या!

"बाई, एवढ्यात चावी भेटंल का न्हाई? कमी पडली तर अजून आणते."

मी शेजारी उभ्या असलेल्या धर्मगुरूंकडे बोट दाखवले. "मावशी, पाळक हे!"

मावशींनी त्यांना नीट न्याहाळले. "अगं माय! ह्यांची जुडी कशी बांधावी?"

पाळकांनी हसतच चावी दिली. नव्या चुलीवर पहिली भाजी अर्थातच पालकाची झाली. पाळकांनी दोनदा वाढून घेतली.