वाकड्या ड्राइव्हची साक्ष

ती फ्लॉपी अजूनही डोळ्यांसमोरून जात नाही. काळी, चौकोनी, लेबलवर निळ्या शाईत 'दाखले' लिहिलेली. मी तेव्हा जळगावला उपनिरीक्षक होतो. फ्लॉपीचा जमाना संपत आला होता आणि आमच्या नव्या शिपायांनी तर ती कधी पाहिलीही नव्हती.

जामनेर तालुक्यातल्या एका शाळेचे खोटे दाखले बाहेर फिरत होते. शाळेच्या लिपिकानेच ठाण्यात येऊन खबर दिली की हे उद्योग पिंप्राळ्यातल्या एका टायपिंग सेंटरमध्ये चालतात. सेंटर चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, त्यांना सगळे अक्का म्हणत. पंचांसमक्ष झडती घेतली, तेव्हा टेबलाच्या खणात ती फ्लॉपी सापडली. अक्षर माझंच, असं अक्कांनी लगेच सांगितलं. पण फ्लॉपी काही उघडेना. त्यांच्या कॉम्प्युटरवरही नाही आणि आमच्या ऑफिसातही नाही.

अक्कांचं म्हणणं असं, की शाळेचं काम करून ही फ्लॉपी शाळेत पाठवली होती आणि परत आल्यापासून ती उघडतच नाही. मला ती सरळ थाप वाटली. पुरावा मिटवायला बाईनेच फ्लॉपी बिघडवली, असं मी धरून चाललो आणि त्यांचं ते बोलणं जबाबात घेतलंच नाही. उलट त्यांचा कॉम्प्युटर सील करून अटकेची तयारी सुरू केली. अटक झाली असती तर सेंटरला टाळं लागलं असतं आणि त्या गल्लीत त्यांना पुन्हा ताठ मानेने फिरता आलं नसतं. आमच्या साहेबांनी मला अडवलं. आत काय आहे ते आधी बघा, मग अटकेचं बोला, म्हणाले.

म्हणून मी धुळ्याला नानांकडे गेलो. कापडावर नक्षी काढणाऱ्या जुन्या मशिनींना फ्लॉपीच लागते, त्यामुळे फ्लॉपी वाचणारे-लिहिणारे मोडके ड्राइव्ह जमवून ते पुन्हा चालू करणं हा नानांचा धंदा होता. त्यांनी फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण सरकवलं, आतली चकती भिंगातून न्याहाळली आणि दोन-तीन ड्राइव्हवर लावून पाहिली.

"साहेब, फ्लॉपी चांगली शे," ते म्हणाले. "लिखनारा ड्राइव्ह वाकडा शे. तो शोधा."

मग त्यांनी मला शिकवणी दिली. ड्राइव्हमधलं हेड चकतीवर ठरलेल्या रेघांवरून लिहितं. ते केसभर सरकलेलं असलं तर त्याने लिहिलेलं त्यालाच वाचता येतं, इतरांना नाही. म्हणजे अक्कांच्या कॉम्प्युटरवर फ्लॉपी उघडत नव्हती याचा अर्थ ती तिथे लिहिलेलीच नव्हती. जी गोष्ट मी बाईच्या विरुद्ध धरली, तीच तिच्या बाजूने बोलत होती.

फ्लॉपी शाळेत जाऊन आली, असं अक्का म्हणाल्याच होत्या; म्हणून शाळेत गेलो. आमचा कॉम्प्युटर फार पूर्वीच भंगारात गेला, असं लिपिकाने सांगितलं. शाळेच्या सामानाची नोंद असलेलं डेडस्टॉक रजिस्टर मागवलं, तर ज्या आठवड्यात त्याने खबर दिली त्याच आठवड्यात तो भंगारात काढून कमी केलेला. माग काढत सोनगीरला हायवेवरच्या भंगाराच्या वखारीत पोहोचलो. तिथल्या ढिगात शाळेचा नंबर रंगवलेला ड्राइव्ह मिळाला, पावसापाण्यात पडून गंजलेला आणि जाम.

पंचांना घेऊन नानांसमोर बसलो. त्यांनी धूळ काढली, वाळलेलं ग्रीस खरवडलं, स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसलं, मोटर मोकळी केली. मी शाळकरी पोरासारखा वाकून वाकून विचारत होतो, हे काय, ते कशाला. शेवटी न राहवून म्हणालो, उघडलाच आहे तर हेडही सरळ करून टाका. नानांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"हाऊ सरळ कया ते तुमनी फ्लॉपी कायमनी मुकी व्हई जाई."

हेड सरळ झालं, तर त्याने वाकडं लिहिलेलं वाचणारा कुणीच उरणार नव्हता. मी हात मागे घेतला. फ्लॉपी आत सरकवली, खरखर झाली आणि पडद्यावर दाखल्यांची यादी आली. त्यातला एक उघडला, तर शाळेचं नाव भरलेलं आणि विद्यार्थ्याच्या नावाची जागा कोरी.

चौकशीत मी आवाज चढवला नाही. तो ड्राइव्ह लिपिकापुढे ठेवला, नंबर वर करून. त्याने पाणी मागितलं आणि मग सगळं सांगितलं. खोटे दाखले तोच विकत होता; बोभाटा होणार असं दिसताच त्याने अक्कांच्या अक्षरातलं लेबल असलेल्या फ्लॉपीवर ते दाखले भरून ती त्यांच्याकडे परत पाठवली होती. नोकरीत असे बरेच पाहिले. पहिली खबर घेऊन येणाऱ्याला खुर्ची देण्याची आम्हाला सवय असते, त्याच्याकडे नीट पाहण्याची नसते.

पुरवणी जबाबासाठी अक्कांना बोलावलं. त्या शांत होत्या, पण माझ्याकडे बघत नव्हत्या. मी लिहायला कागद घेतला, तेव्हा म्हणाल्या, "राहू द्या साहेब. मीच टाइप करते."

नियमात बसतं की नाही, याचा विचार मी केला नाही. ठाण्याच्या कॉम्प्युटरवर त्यांनी एका दमात जबाब टाइप केला, छापला आणि माझ्यापुढे ठेवला. कुठे टायपिंगची चूक नाही, की माझ्याबद्दल वावगा शब्द नाही. फक्त शेवटची ओळ होती : 'हे सर्व मी पहिल्याच दिवशी सांगितले होते.'

ती ओळ मी दोनदा वाचली आणि जबाबाखाली अधिकारी लिहितात तसं 'समक्ष' लिहून सही केली.