त्या दिवसाची दुसरी चूक

आमच्या सर्जरीच्या सरांचा एक खेळ होता. वॉर्डात राउंड घेताना ते रोज मुद्दाम एक चूक करायचे. जो पकडेल त्याला त्यांच्याकडून कॅन्टीनचा चहा. कुणीच पकडली नाही, तर सगळ्यांना बोलणी. मी शेवटच्या वर्षाला आले तरी बोलणीच खात होते. माझी एक मैत्रीण मात्र वर्षभर फुकटचा चहा पीत होती, आणि तो पिताना माझ्याकडे बघायची.

त्या सकाळी सरांनी एका पेशंटची नाडी अंगठ्याने पाहिली. मैत्रिणीने लगेच टोकलं, अंगठ्याला स्वतःचीच नाडी लागते म्हणून. चहा गेला, माझा राउंडमधला रसही गेला.

पुढच्या खाटेवर आर्वीचे एक किराणा दुकानदार होते. हर्नियाचं ऑपरेशन थोड्याच वेळात होणार होतं. बरेच दिवस वॉर्डात काढल्यामुळे सरांचा खेळ त्यांनाही पाठ झाला होता. सरांनी समोर उभं राहून, गप्पा मारत, मार्करने त्यांच्या पोटावर डावीकडे ऑपरेशनची बाजू दाखवणारा बाण काढला.

त्यांना मी तपासलं होतं. गाठ उजवीकडे होती. पण आजची चूक तर होऊन गेली, मग सर चुकतील कसे? समोरच्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते, यावरून सरांनी मलाच किती वेळा झापलं होतं, म्हणजे घोळ माझाच असेल. सर मार्करचं टोपण लावून वळले, तशी मी घाबरले.

"सर, उजवी."

"आजचा चहा संपला," सर हसले.

"चहा नको सर. बाजू उजवी आहे."

सरांनी दुकानदारांना उभं करून खोकायला लावलं. गाठ उजवीकडेच फुगली. सरांचं हसू गेलं.

"काकाजी, तुम्ही काऊन नाई बोलले?"

"मले वाटलं तुमचा खेळ चालू हाय. ह्या पोट्ट्या पकडतीन म्हनून चूप होतो."

सरांनी स्पिरिटने बाण पुसला, काकाजींना स्वतःच्या बोटाने जागा दाखवायला लावली, आणि तिथे नवा काढला.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी राउंडला सर स्वतः चहा घेऊन आले, एक माझ्यासाठी, एक काकाजींसाठी. काकाजींनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखरच नाई यात. हे मुद्दाम का?"

"नाई काकाजी," सर म्हणाले. "हेही खरंच चुकलं."