कोऱ्या कागदाखालची सही

आमदारांनी लेटरहेडं पुन्हा मोजली. चोवीसच भरली. दर सोमवारी ते पंचवीस कोऱ्या कागदांवर खाली सही करून ठेवत, कुणी दारात ताटकळू नये म्हणून. मजकूर नंतर मेहुणा टाइप करी.

आज उमेदवारी मागे घ्यायचा शेवटचा दिवस. मुदत तीनपर्यंत. त्यांच्या सहीचं पत्र अर्जावरच्या सूचकाने नेऊन दिलं तरी चालणार होतं. दोन वाजून गेले होते.

"दाजी, बसा जरा. येरझाऱ्या घालून कागद सापडत नाही," मेहुणा म्हणाला.

"कागद तू सांभाळतोस."

"आणि कप्प्याची किल्ली तुमच्या खिशात असते."

एकेकाळी ते कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसत. लोकांचे अर्ज लिहिता लिहिता गाऱ्हाणी पाठ झाली. कुणीतरी म्हणालं, आमचं लिहितोस, तर तूच विधानसभेत जाऊन बोल. गेले. चार वेळा निवडून आले. रस्ते झाले, दवाखाना झाला, शत्रूही झाले. फक्त नाही म्हणणं कधी जमलं नाही.

निवडणूक कचेरीतल्या ओळखीच्या कारकुनाला त्यांनी तिसऱ्यांदा फोन लावला.

"अजून काही आलं नाही, साहेब. पण दार उघडंच आहे."

हा दिलासा की इशारा, कळेना.

"विरोधकांनी आपलं कुणी फोडलं असणार," आमदार म्हणाले.

"फोडण्यासारखा मीच आहे, दाजी. आणि मला कुणी साधं विचारलंसुद्धा नाही."

आमदार हसले नाहीत. आतून टक् असा आवाज आला होता. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा टक्. तो आवाज त्यांनी झोपेतही ओळखला असता.

आतल्या खोलीत बायको त्यांच्या जुन्या टाइपरायटरपुढे बसली होती. यंत्रात तो पंचविसावा कागद. वर तारीख, तळाला सही, मध्ये काही नाही. शेजारी त्यांच्या हृदयाच्या तपासणीचा रिपोर्ट. तो त्यांनी लेटरहेडांच्याच कप्प्यात दडवला होता.

"आंघोळीला गेलात तेव्हा किल्ली घेतली," ती म्हणाली. "डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही सांगेनात."

"ताई, काय केलंस हे?" मागोमाग आलेला मेहुणा म्हणाला.

"काहीच जमलं नाही रे. सकाळपासून बसलेय. माणूस घरी हवाय, हे अर्जात कसं लिहितात?"

तीनला दहा कमी. कचेरी रस्त्यापलीकडेच.

ती उठली. आमदार तिच्या जागी बसले. बोटं आपोआप कळांवर गेली. 'मी खाली सही करणार' एवढं उमटलं. हजारो अर्जांची सुरुवात. पुढे बोट हलेना. बाहेर कार्यकर्ते त्यांच्या नावाने ओरडत होते. ते नुसते बसून राहिले.

तीन वाजले.

मेहुण्याने हुश्श केलं. बायकोने नाही. तिने कागद ओढून काढला, घडी घालून रिपोर्टात ठेवला.

"प्रचाराला मीही येणार," ती म्हणाली. "गोळ्या माझ्याकडे राहतील. आणि ती किल्लीही."