आबदार आडनावाची गोष्ट

हे मी नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या हैदराबादेत मलकपेठच्या घरी येणार नाही — आणि आलात तरी मामंजींसमोर, म्हणजे माझ्या सासऱ्यांसमोर, तोंड उघडणार नाही, एवढा भरवसा आहे.

माझं माहेरचं आडनाव गाढवे. हसा, हरकत नाही, सगळेच हसतात. मामंजी मात्र चारचौघांत हसायचे. माझ्या मुलीच्या बारशाला बाबा नांदेडहून आले, तर भर पंगतीत मामंजी म्हणाले, "या गाढवे, चारा वाढू का?" बाबा हसले. हातातला घास ताटात परत ठेवून हसले. त्यानंतर ते या घराची पायरी चढले नाहीत. आणि मी — मी जिलबी वाढत राहिले. असा राग कुठे जातो हो? माझा तर नुसता मुरत गेला.

मग चार वर्षांपूर्वी आमच्या मराठी मंडळाने ठरवलं, की मेळाव्यात जुन्या घराण्यांनी आपापल्या आडनावाची कथा सांगायची. मामंजी हरखले. आबदार म्हणजे पिण्याच्या पाण्याची व्यवस्था बघणारा, इतकं त्यांना ठाऊक होतं. पण कुणाकडे, कोणता पूर्वज, हे सांगू शकेल असं एकच माणूस उरलं होतं — त्यांची सिकंदराबादची आत्या. मामंजींची आई लवकर गेली. त्यांना वाढवलं ते या आत्यांनी. पुढे आत्यांनी आपल्या मनाने एका तेलुगू रेल्वेवाल्याशी लग्न केलं आणि मामंजींनी बोलणं टाकलं, ते टाकलंच.

आता स्वतः कसे जाणार? मला पाठवलं. निघताना उस्मानिया बिस्किटांचा पुडा हातात दिला. मी दिला म्हणून सांगू नकोस, म्हणाले. त्यांना नुसती आडनावाची गोष्ट नको होती, हे मला तेव्हाच कळलं होतं. कळलं नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

आत्यांनी पुडा बघितला आणि कुणी पाठवला ते ओळखलं. मग सांगितलं — त्यांचे पणजोबा एका नवाबाच्या देवडीत, म्हणजे वाड्यात, आबदार होते. मालकाच्या आधी पाणी स्वतः पिऊन बघायचं, इतका विश्वासाचा हुद्दा. एका वर्षी मोहल्ल्यातल्या विहिरी आटल्या, तर त्यांनी देवडीच्या विहिरीचं कुलूप काढून सगळ्यांना पाणी दिलं. नोकरी गेली. लोक मात्र शेवटपर्यंत त्यांना आबदारच म्हणत राहिले.

निघताना आत्यांनी माझा हात धरला. "त्याला पाठव गं इकडं. मी रागात नाही करून बोल त्याला."

"हौ," मी म्हणाले.

घरी परतले तर मामंजी दारातच उभे होते. मला बाबांचा तो घास दिसला. मी सांगितलं — आत्या म्हणाल्या, हुद्दा वगैरे काही नव्हता. पणजोबा गाढवावर पखाली लादून गल्लोगल्ली पाणी विकायचे, लोकांनी चेष्टेने नाव पाडलं, आणि हेच सांग म्हणावं मंडळात. पाणी वाहून पोट भरण्यात लाजण्यासारखं काय आहे? काहीच नाही. पण मामंजींना लाज वाटणार हे मला माहीत होतं, आणि मला तेच हवं होतं.

त्यांचा चेहरा उतरला. इतकं बरं वाटलं मला! मी पोटभर जेवले. मेळाव्याला ते गेले नाहीत, आणि गाढवे हा शब्द पुन्हा त्यांच्या तोंडातून निघाला नाही. इथपर्यंतचं मला वाईट वाटत नाही — आजही नाही.

पण आत्या माझ्या मोबाइलवर फोन करायच्या. कधी येतोय तो? मी म्हणायचे, त्यांची इच्छा नाही. हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं, आणि गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. त्यांनी माझं काय वाकडं केलं होतं? मामंजी अंत्यदर्शनालाही गेले नाहीत. जिने घराण्याची अशी अब्रू काढली तिचं तोंड बघायचं नाही, म्हणाले.

परवा त्यांना संध्याकाळची गोळी द्यायला गेले. गोळी न घेता माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आत्या खरंच असं बोलली का गं? मांडीवर घेऊन भरवायची ती मला."

एका वाक्याचं काम होतं. आत्यांचा निरोप अजून माझ्याजवळ होता.

मी म्हणाले, हो, अगदी असंच बोलल्या. ते भिंतीकडे तोंड करून रडायला लागले, आणि मी बघत उभी राहिले.