नववा नंबर

रिटायरमेंटनंतर माझं पहिलं पोस्टिंग नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनला झालं. ऑर्डर सूनबाईंनी काढली, मुदत तीन महिने. ड्यूटी ठरलेली. सकाळी नातीला शाळेत सोडणे, दुपारी आणणे, मधल्या वेळात कोथिंबीर शोधणे. अठ्ठावीस वर्षं पलटणीत काढलेल्या सुभेदाराला एवढं जमतं.

एप्रिलमध्ये मुलाच्या, नितीनच्या, ऑफिसने 'व्हायकिंग डे' काढला. तळ्यात लाकडी होडी वल्हवायची, मधल्या बेटावर झेंडा रोवायचा आणि नवी भूमी सापडली म्हणून ओरडायचं. घरच्यांनाही बोलावणं होतं. बेटावर बदकं आधीपासून राहत होती. त्यांना कोणी विचारलं नाही.

व्हायकिंगांचं कौतुक मला मान्य नाही. होडीतून उतरायचं, बेसावध माणसांचे मठ लुटायचे, हा कसला पराक्रम? ग्रीनलँडला वस्ती केली, ती पुढे नामशेष झाली. त्याच्या पलीकडे गेले, तिथून तर लवकरच गाशा गुंडाळला. पोस्टवर पोहोचणारे पुष्कळ असतात. पोस्ट धरून ठेवावी लागते, आणि ते यांना जमलं नाही.

हे मी कुलकर्ण्यांना सांगितलं. जवळच्या नीउ-व्हेनेपला, नितीनच्याच ऑफिसात असलेल्या मुलाकडे राहणारे निवृत्त बँक मॅनेजर. डोक्यावर प्लास्टिकच्या शिंगांचं हेल्मेट. उलट तेच मला वाटभर धाडसाचे धडे देत राहिले. बाल्कनीतही स्वेटर घालून जाणारा माणूस तो. मी ऐकणं बंद केलं.

0930 ला होडीत सतरा जण बसले. मी मोजले, सवय आहे. झेंडा रोवून झाला, फोटो झाले. 1115 ला परत निघताना वारा चढला होता. व्यवस्था बघणाऱ्या डच बाईने सगळे आले का विचारलं. मागून कोणीतरी 'येस, ऑल' म्हणालं. मी मोजले. सोळा.

मी उतरून होडीचा दोर धरला.

"बाबा, प्लीज," नितीन हळूच म्हणाला. "सगळे बघतायत."

"बघू देत. होडी हलणार नाही."

मग एकेकाच्या खांद्यावर हात ठेवत पुन्हा मोजलं. सोळाच. कुलकर्णी नव्हते. वडील मागच्या बाकावर असतील, असं त्यांच्या मुलाने गृहीत धरलं होतं.

ते बेटाच्या मागच्या बाजूला सापडले. फोटो काढताना पाय घसरला, घोटा मुरगळला. कमरेइतक्या पाण्यात, एका मुळाला धरून उभे. ओठ निळे. हाक मारत होते, पण वाऱ्यात आवाज पोहोचत नव्हता. मी आणि नितीनने त्यांना वर ओढलं.

धक्क्यावर ब्लँकेटमध्ये बसल्यावर त्यांनी विचारलं, "सुभेदारसाहेब, सगळे आले म्हणत होते. तुम्हाला कसं कळलं?"

मी सांगितलं. घरीही हे कधी सांगितलं नव्हतं.

नोकरीत असताना ग्लेशियरवरून आमचं पॅट्रोल, गस्तीची तुकडी, परतत होतं. नऊ जण, मी पुढे. पोस्टजवळचा शेवटचा टप्पा, एकमेकांना बांधलेला दोर सोडलेला. अचानक बर्फाच्या वाऱ्याने व्हाइटआउट झालं, हातभर अंतरावरचं दिसेना. मी ओरडून गिनती मागितली. एकेकाने आपापला नंबर पुकारला. नऊपर्यंत आले. मी रेडिओवर रिपोर्ट दिला, "नऊ. ऑल ओके. ओव्हर."

नववा नंबर आठव्याने पुकारला होता. मागच्या दोस्ताला दम लागलाय, साहेब रागावतील, म्हणून. तो मागेच आहे असं त्याला वाटलं. पोस्टवर पोहोचलो तेव्हा आम्ही आठ होतो. नववा दुसऱ्या दिवशी सापडला, वाटेपासून चाळीस पावलांवर.

आठव्याला मी कधी दोष दिला नाही. मला स्वतःची मात्र चीड येते. व्हायकिंगांना नावं ठेवणाऱ्या मला माझी नऊ माणसं मोजता आली नाहीत.

कुलकर्ण्यांनी त्याचं नाव विचारलं.

"शिपाई रामचंद्र गावडे. वय तेवीस. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला मागे गेलो नाही."